कॅबिनेट मोजा, मग नमुने पाठवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच सर्व जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : साथीच्या काळात निदान प्रयोगशाळांची क्षमता ठरवण्याची पद्धत व तेथील जैवसुरक्षा

महोदय, महोदया,

जानेवारी २०२० मध्ये करोनाचा नमुना तपासायचा तर तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतच पाठवावा लागे. त्याच वर्षी जून संपेपर्यंत देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा हजाराच्या पुढे गेल्या होत्या. ही उभारणी ज्यांनी केली त्यांचे श्रेय कुणी नाकारू नये. मात्र त्या घाईत क्षमतेचा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडला गेला. पुढच्या साथीच्या आराखड्यात तो तसाच उतरू नये म्हणून हे पत्र.

विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर यंत्रे किती, एका फेरीत नमुने किती, दिवसात फेऱ्या किती, असा गुणाकार करून जिल्ह्याला रोजचे उद्दिष्ट दिले जाते. पण यंत्रात जाणारी प्लेट सीलबंद असते आणि तिच्यात नमुन्यातून वेगळा काढलेला आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय पदार्थ, असतो. तिच्याजवळ उभे राहून कुणाला आजार होत नाही. धोका त्याच्या आधीच्या टप्प्यावर असतो. स्वॅबची नळी उघडायची, साधारण २०० मायक्रोलिटर नमुना पिपेटने काढायचा आणि लायसिस बफरमध्ये, म्हणजे विषाणू फोडणाऱ्या द्रावणात, घालायचा, हे काम जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच, म्हणजे हवा आत ओढून गाळणाऱ्या काचेच्या तावदानाच्या पेटीतच, व्हायला हवे. आणि तिथला वेग यंत्राचा नसतो, माणसाच्या हाताचा असतो.

हिशेब करून पाहा. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये दोन खाने कंट्रोलसाठी, म्हणजे चाचणी नीट चालली का हे पाहण्यासाठी, सोडले तर ९४ नमुने बसतात. नळी पुसणे, क्रमांक जुळवणे, झाकण उघडणे, नमुना काढणे, टिप टाकणे, झाकण लावणे, याला घाई न करता दोन मिनिटे लागतात. ९४ नमुन्यांचे तीन तास आठ मिनिटे झाले. आधीची आणि नंतरची कॅबिनेटची सफाई व मधले हातमोजे बदलणे धरले, की चार फुटी कॅबिनेटवर चार तासांच्या पाळीत एक प्लेट होते. यंत्राची फेरी मात्र दीड-दोन तासांत उरकते. म्हणजे एकच कॅबिनेट असलेल्या प्रयोगशाळेला दुसरे पीसीआर यंत्र दिले तर सुरक्षित तपासण्या वाढत नाहीत. कॅबिनेटपुढे बसलेल्या माणसाच्या मागे तगादा वाढतो. मग दोन मिनिटांचे काम चाळीस सेकंदांत होऊ लागते, एकाच कॅबिनेटमध्ये दोघे हात घालतात, आणि शेवटी नळ्यांचा रॅक बाहेरच्या टेबलावर येतो. स्वयंचलित एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे आरएनए वेगळा काढणाऱ्या, यंत्राने पुढचे श्रम वाचतात, नळ्या उघडण्याचे वाचत नाहीत.

आमची मुख्य मागणी यातूनच निघते : जिल्ह्याची रोजची क्षमता प्रमाणित कॅबिनेटचे तास आणि त्यावर बसणारी प्रशिक्षित माणसे यांवरून ठरवावी.

नमुने एकत्र करून तपासण्याचाही, म्हणजे पूलिंगचाही, विचार याच अंगाने व्हावा. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पाचपर्यंत नमुने एकत्र करायला परवानगी दिली, ती बाधितांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असलेल्या भागांसाठी. ही मर्यादा केवळ किट वाचवण्याच्या गणिताची नाही. पूल पॉझिटिव्ह आला की त्यातल्या पाचही नळ्या पुन्हा उघडाव्या लागतात. प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की पाचांचे दहांपैकी चार पूल पॉझिटिव्ह येणार हे साधे संभाव्यतेचे गणित आहे. अशा वेळी पूलिंग चालू ठेवले तर रसायन थोडे वाचते, पण नळ्या उघडण्याचे काम वाढते.

आता कॅबिनेट म्हणजे नेमके काय, हे खरेदी करणाऱ्यांना कळणे फार गरजेचे आहे. काचेचे तावदान, आत स्टीलचा ओटा, वर पंखा आणि दिवा, अशी दोन उपकरणे दिसायला सारखीच असतात. त्यातले लॅमिनार फ्लो बेंच हे जंतू वाढवण्याची माध्यमे ओतण्यासाठी, निर्जंतुक द्रावणे बनवण्यासाठी असते. त्यात गाळलेली हवा कामावरून वाहत थेट बसणाऱ्याच्या तोंडावर येते. आतली वस्तू स्वच्छ राहते, पण वस्तूतला जंतू माणसाकडे येतो. क्लास टू जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये पुढच्या जाळीतून खोलीतली हवा आत ओढली जाते. तिचा वेग मिनिटाला १०० फूट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, इतका असावा लागतो. आत ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारे हेपा फिल्टर असतात. ए-टू प्रकारात साधारण ७० टक्के हवा गाळून आतच फिरते आणि ३० टक्के गाळून बाहेर सोडली जाते. मागणीपत्रात नुसते ‘लॅमिनार’ लिहिले की स्वस्तातले बेंच येते, आणि ज्याने करोनाचे किंवा क्षयाचे नमुने उघडायचे त्या माणसाला आपण संरक्षण दिल्याचा भास होतो. निविदेत ‘क्लास टू, टाइप ए-टू’ असे स्पष्ट लिहावे, एनएसएफ ४९ किंवा ईएन १२४६९ यांपैकी एका मानकाचा उल्लेख असावा, आणि बसवल्यावर जागेवर केलेल्या चाचणीचा अहवाल मिळाल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

ही शेवटची अट आम्ही मुद्दाम घालत आहोत. कारखान्यात उत्तीर्ण झालेले कॅबिनेट ट्रकमधून आपल्या रस्त्यांवरून जिल्ह्याच्या गावी येते तेव्हा फिल्टरभोवतीचे गॅसकेट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, सरकू शकते. पंखा चालतो, दिवा लागतो, सगळे ठीक दिसते, आणि फिल्टरच्या कडेने न गाळलेली हवा येत राहते. हे डोळ्यांना दिसत नाही. अॅनिमोमीटरने वेग मोजून आणि फिल्टरवर कणांची गळती तपासूनच कळते. बसवताना, जागा बदलल्यावर आणि दर वर्षी ही तपासणी व्हायलाच हवी. साथीत कॅबिनेटे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत रातोरात हलवली जातात. हलवण्याचा आदेश निघतो तेव्हाच फेरतपासणीचा आदेशही निघाला पाहिजे. प्रत्येक महसुली विभागासाठी उपकरणांसह एक तपासणी पथक असले, तर कंपनीच्या इंजिनिअरची वाट पाहत महिनोन्महिने बसावे लागणार नाही.

जागा कशी असते यावरही बरेच अवलंबून असते. पुढच्या जाळीवरचा हवेचा पडदा फार नाजूक असतो. माणूस मागून झपझप चालत गेला तरी तो हलतो. आपल्याकडे तर छताला पंखा असतो आणि कॅबिनेटच्या समोरच्या भिंतीवर स्प्लिट एसी. पंख्याचा झोत त्या अर्ध्या मीटरच्या वेगाला सहज हरवतो. त्या खोलीतला छताचा पंखा काढूनच टाकावा. नुसता बंद ठेवला तर मे महिन्यात कुणीतरी तो लावणारच, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. एसीचा झोत वळवावा, कॅबिनेट दारापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावे. काम सुरू करण्याआधी कॅबिनेटचा स्वतःचा पंखा निदान पाच मिनिटे चालू हवा. पुढच्या जाळीवर वही, टिपांचा डबा, कोपर, काहीही टेकवू नये, आणि नळी जाळीपासून किमान दहा सेंटिमीटर आत उघडावी. वापरलेल्या टिपा टाकायचा डिस्कार्ड जार बाहेर जमिनीवर असेल तर प्रत्येक टिपेला हात बाहेर-आत होतो आणि प्रत्येक वेळी पडदा फाटतो. म्हणून जार आतच ठेवावा, स्वच्छ सामान एका बाजूला आणि घाण दुसऱ्या बाजूला. आत बर्नर नको. अतिनील दिव्यावर भिस्त ठेवू नये : धूळ बसलेल्या नळीचा प्रकाश निळा दिसतो म्हणून जंतू मरतातच असे नाही. पृष्ठभाग पुसणे हेच खरे काम. तावदानाच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी चिकटवली तर हवा आत जाते आहे की नाही हे सकाळी एका नजरेत कळते. मात्र ही रोजची खूण झाली. वार्षिक तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही.

वीज. पीसीआर यंत्र आणि डीप फ्रीजर यूपीएसवर असतात, कारण फेरी वाया गेली तर किटचे पैसे जातात. कॅबिनेट मात्र साध्या बोर्डावर असते. वीज गेली की त्याच क्षणी हवेचा पडदा नाहीसा होतो आणि बसलेल्या माणसासमोर उघड्या नळ्या राहतात. कॅबिनेटची मोटर यूपीएसवर किमान इतका वेळ चालावी, की उघडी नळी बंद करता येईल, तावदान खाली घेता येईल आणि जनरेटर सुरू होईल. पुढच्या आराखड्यात यूपीएसची खरेदी असेल तर त्यावर कॅबिनेटचे नाव आधी लिहावे.

खोलीची हवा बाहेर ढकलायला महागडी यंत्रणाच लागते असे नाही. चार बाय पाच मीटरची, तीन मीटर उंचीची खोली ६० घनमीटरची होते. क्षयरोग प्रयोगशाळांसाठीचा तासाला सहा ते बारा वेळा हवा बदलण्याचा संकेत धरला, तर तासाला ३६० ते ७२० घनमीटर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन पुरतो. तो रुग्णांच्या रांगेकडे किंवा ओपीडीच्या व्हरांड्याकडे उघडत नाही ना, एवढे मात्र पाहावे. दार बोटभर उघडून फटीशी उदबत्ती धरली तर धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर खोलीतली हवा कॉरिडॉरमध्ये जाते आहे.

नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच बिघडतो आणि धोकादायक होतो, तो प्रामुख्याने एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. स्वॅबच्या काडीला तुटण्याची खाच नसेल किंवा ती चुकीच्या उंचीवर असेल, तर काडी नळीपेक्षा लांब राहते. झाकण काडीवर टेकून तिरके बसते, आटे पूर्ण फिरत नाहीत, आणि डब्यात नळी आडवी झाली की व्हीटीएम, म्हणजे नमुना टिकवणारे द्रावण, झिरपत राहते. काही ठिकाणी कात्रीने काडी कापतात. तीच कात्री पुढच्या स्वॅबला लागते. शिवाय दाबून बसवलेली काडी प्रयोगशाळेत झाकण उघडताच उसळी मारते आणि थेंब उडवते. उपाय खरेदीतच आहे : काडीची खाच आणि नळीची उंची एकमेकींना जुळतात का, हे दहा नग मागवून, पाणी भरून, नळ्या आडव्या ठेवून पाहावे आणि मगच लाखांची ऑर्डर द्यावी. नळीला आट्यांचे झाकण आणि आत रबरी कडी असावी.

नेण्यासाठी तीन थरांची बांधणी लागते. नळी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषू शकेल इतका कापूस किंवा टिश्यू, मग न गळणारा दुसरा डबा, आणि बाहेर टणक खोका, ज्यावर जैविक नमुन्यांसाठीची यूएन ३३७३ ची खूण. माहितीचा कागद नळीला गुंडाळून रबर लावणे बंदच करावे. तो कागद नंतर डेटा एंट्रीच्या टेबलावर, तिथून कपाटात, आणि ज्याने हातमोजे घातलेलेच नाहीत अशा माणसाच्या हातात जातो. कागद दुसऱ्या डब्याच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत. गळलेली नळी पुसून तपासायला घेण्याचा मोह टाळावा. ती दोन पिशव्यांत बंद करून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, द्यावी आणि नमुना पुन्हा मागवावा. हे करायला प्रयोगशाळा कचरतात, कारण नमुना नाकारल्याचा जाब त्यांनाच विचारला जातो. नाकारलेल्या नमुन्यांचा आकडा नमुना घेणाऱ्या केंद्राच्या खात्यावर मोजला तर महिन्याभरात सुधारणा दिसेल.

तालुका पातळीवर नमुना घेतानाच तो लायसिस द्रावणात टाकायची पद्धत जास्त सोयीची आहे. गोव्यातल्या वेर्णा येथे बनणारी ट्रूनॅट यंत्रणा करोनाकाळात उपयोगी पडली त्याचे हे एक मोठे कारण : विषाणू वाटेतच निष्क्रिय होत असल्याने जैवसुरक्षेची गरज पुष्कळ कमी होते. पण निष्क्रिय झाला आहे असे धरून चालणे आणि तो खरेच झाल्याची खात्री असणे यांत अंतर आहे. सार्सची जागतिक साथ ओसरल्यावर २००४ मध्ये बीजिंगच्या एका संशोधन संस्थेत नीट निष्क्रिय न झालेला विषाणू हाताळला गेला. काम करणाऱ्यांना संसर्ग झाला, तो बाहेर पसरला आणि एका संशोधिकेच्या आईचा त्यात मृत्यू झाला. ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवणे असो वा लायसिस बफर, किटच्या पत्रकात दिलेले प्रमाण आणि वेळ पूर्ण पाळूनच नळी कॅबिनेटबाहेर काढावी. बफर अर्धे घालून पुरवठा ताणणे हा काटकसरीचा विषय नाही.

याच लायसिस बफरशी जोडलेला एक धोका फार कमी ठिकाणी भिंतीवर लिहिलेला दिसतो. एक्स्ट्रॅक्शन किटच्या बफरमध्ये ग्वानिडिन थायोसायनेट किंवा त्याच कुळातले क्षार असतात. आपल्याकडे ‘प्रयोगशाळेतला कचरा हायपोत बुडवा’ (हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण) हे वर्षानुवर्षे शिकवलेले असते. टेक्निशियन शिकल्याप्रमाणे वागतो आणि बफर उरलेल्या नळ्या, कॉलममधून गळालेला द्रव हायपोच्या जारमध्ये ओततो. ग्वानिडिन थायोसायनेट आणि सोडियम हायपोक्लोराइट एकत्र आले की सायनोजेन क्लोराइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखे विषारी वायू सुटतात. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, डोके दुखणे हे मास्कमुळे होत असावे असे समजून माणूस काम रेटतो. एक्स्ट्रॅक्शनच्या खोलीत हायपोचा जार असूच नये. बफर असलेला द्रव वेगळ्या, झाकणाच्या, ठळक लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून रासायनिक कचरा म्हणून पिवळ्या वर्गात द्यावा. बफर सांडला तर आधी शोषक कागदाने टिपावा, मग साबणपाण्याने पुसावे, आणि बफरचा अंश गेल्यावरच हायपो वापरावा. व्हीटीएमचा पुरवठादार बदलतो तेव्हा नव्या द्रावणात ग्वानिडिन आहे का हे विचारून प्रत्येक पेटीवर मराठीत चिठ्ठी लावून यावे. वरून नळी सारखीच दिसते.

हायपोबद्दलही थोडे सविस्तर. बाजारात पाच टक्क्यांचे मिळते, दहाचे मिळते, आणि कॅनवर काहीच न लिहिलेलेही मिळते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमावलीत आधी दहा टक्के लिहिले होते, २०१८ च्या दुरुस्तीत ते एक ते दोन टक्के झाले. पण जुने तक्ते अजून भिंतींवर आहेत. मूळ द्रावणाच्या टक्केवारीला हव्या त्या टक्केवारीने भागून एक वजा केला की एका भागात पाण्याचे किती भाग घालायचे ते मिळते. पाच टक्क्यांपासून एक टक्का करायला एकास चार, अर्धा टक्का करायला एकास नऊ. सांडलेले रक्त किंवा नमुना असेल तर अर्धा ते एक टक्का, नुसती टेबले पुसायला ०.१ टक्का पुरतो. द्रावण रोज सकाळी नवे, गडद रंगाच्या झाकणबंद डब्यात. क्लोरीन उन्हाने आणि उष्णतेने उडून जातो. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-अकोल्याच्या पत्र्याच्या गोदामात पडून असलेल्या कॅनमध्ये लेबलावरचे टक्के उरत नाहीत. उत्पादनाची तारीख नसलेला माल घेऊ नये आणि क्लोरीन मोजायच्या पट्ट्या प्रत्येक प्रयोगशाळेला द्याव्यात. हायपो भरलेला जार ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नये, क्लोरीन वायू सुटतो. स्टीलवर हायपो वापरले तर दहा मिनिटांनी पाण्याने पुसावे, नाहीतर कॅबिनेटचा ओटा गंजतो आणि पुढे त्या खड्ड्यांत घाण बसते.

ऑटोक्लेव्हच्या बाबतीत सगळ्यांची नजर दाबाच्या काट्यावर असते. १५ पौंड दाखवले म्हणजे १२१ अंश झालेच, असे नाही. आतली हवा पूर्ण निघाली नसेल तर दाब तोच दिसतो आणि तापमान कमी राहते. पिशवीचे तोंड गच्च बांधलेले असेल तर आत अडकलेल्या हवेमुळे मधला कचरा कोमटच राहतो. तोंड सैल ठेवावे, आत थोडे पाणी घालावे, भांडे दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये, वाफेचा सलग झोत येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवावा आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून. नियमावलीनुसार साध्या, म्हणजे व्हॅक्यूम नसलेल्या ऑटोक्लेव्हला १२१ अंश, १५ पौंड आणि ६० मिनिटे लागतात. माध्यमांसाठी वापरायची १५ मिनिटांची सवय कचऱ्याला लावू नये. बाहेर चिकटवलेल्या टेपचा रंग बदलला, एवढ्याने आतले काही कळत नाही. दर आठवड्याला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी कचऱ्याच्या मधोमध ठेवून तपासावी. कचऱ्याचा आणि माध्यमांचा ऑटोक्लेव्ह वेगळा असावा.

कपड्यांबद्दल थोडक्यात. पीपीई किटचे छायाचित्र चांगले येते, पण आरटी-पीसीआरच्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंतच्या लॅमिनेटेड सूटची गरज जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही नाही. मागून बांधायचा, पुढे जोड नसलेला गाऊन, हातमोजांच्या दोन जोड्या, डोळ्यांना संरक्षण आणि नीट बसणारा एन-९५ पुरतो. सूटमध्ये घामाघूम झालेल्या माणसाच्या चष्म्यावर वाफ धरते, क्रमांक वाचताना चूक होते, आणि सूट उतरवताना बाहेरची बाजू अंगाला लागते. काढताना हातमोजे आणि गाऊन आधी, मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ. तो पैसा कॅबिनेटच्या प्रमाणीकरणावर खर्च करावा.

हे सगळे आरटी-पीसीआरच्या खोलीपुरते बोललो. करोना वॉर्डातले रक्त मात्र रोज सीबीसीला, इलेक्ट्रोलाइटला, डी-डायमरला जात होते, आणि राज्यातल्या बहुसंख्य लहान प्रयोगशाळांत कॅबिनेट नाहीच. करोनाचा धोका रक्तात कमी, पण त्याच नळीत हिपॅटायटिस बी किंवा सी असू शकतो आणि साथीच्या घाईत सुई टोचण्याची शक्यता वाढते. सेंट्रिफ्यूजचे बकेट झाकणाचे असावे. आत नळी फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करून झाकण ३० मिनिटे उघडू नये. बहुतेक अपघात ‘काय झाले बघू’ म्हणून लगेच झाकण उघडल्याने वाढतात. खासगी प्रयोगशाळांना करोनाच्या आरटी-पीसीआरसाठी एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता सक्तीची केली, ते योग्य झाले. पण केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि गल्लीतल्या रक्त तपासणी केंद्राची जैवसुरक्षा पाहायला कुणी जात नाही. या केंद्रांसाठी किमान नोंदणी आणि वर्षातून एक पाहणी सुरू करावी. दंडासाठी नको, मदतीसाठी.

जार रिकामे करणाऱ्या, पिशव्या बांधणाऱ्या मावशी आणि मामा हे बहुतेक कंत्राटी असतात. त्यांच्या हातात सगळ्या प्रयोगशाळेचा कचरा जातो आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचे नाव नसते. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि नंतर एक-दोन महिन्यांत प्रतिपिंडांची पातळी मिलिलिटरला १० मिली-आययूच्या वर आली का ही तपासणी, हे कंत्राटदाराच्या करारातच घालावे. सुई टोचली तर एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. रात्री दोन वाजता टोचलेल्या माणसाने कुणाला फोन करायचा, औषध कुठल्या कपाटात आहे आणि चावी कुणाकडे आहे, हे सेंट्रिफ्यूजच्या वर लिहिलेले असावे. अपघाताच्या नोंदवहीत नाव लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही असे लेखी परिपत्रक काढा. आज त्या वह्या कोऱ्या असतात, आणि कोरी वही बघून तपासणीला आलेले अधिकारी समाधानाने सही करून जातात.

साथ पुन्हा करोनाचीच येईल असे नाही. २००९ मध्ये पुण्याने स्वाइन फ्लू पाहिला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला माकडताप आला, २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरमध्ये झिका सापडला. माकडतापाचा विषाणू तर प्रयोगशाळेतल्या माणसांना गाठण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. कुठला नमुना जैवसुरक्षेच्या कुठल्या स्तराच्या प्रयोगशाळेत उघडायचा, कुठला न उघडताच पुण्याला पाठवायचा, याचा तक्ता प्रत्येक जिल्ह्यात साथीआधी हवा. विषाणू वाढवून चाचणी करायची, म्हणजे कल्चर, असेल तर स्तर तीन लागतो. जिल्हा रुग्णालयात हे कुणीही उत्साहाने सुरू करू नये.

आमची विनंती अशी, की प्रत्येक प्रयोगशाळेकडून एका पानाचा तक्ता मागवावा : क्लास टू कॅबिनेटे किती, शेवटचे प्रमाणीकरण कोणत्या तारखेला, त्यावर बसू शकणारी प्रशिक्षित माणसे किती, कॅबिनेट यूपीएसवर आहे का, ऑटोक्लेव्हची शेवटची बीजाणू चाचणी कधी झाली. कॅबिनेटचे तास भागिले चार, गुणिले ९४, हा त्या प्रयोगशाळेचा आरटी-पीसीआरचा रोजचा कमाल आकडा. माणसे कमी असतील तर तो त्या प्रमाणात खाली येईल. त्यापुढचे नमुने शेजारच्या जिल्ह्यात जावेत. दोन ते आठ अंशांवर ते ७२ तास टिकतात, त्याहून जास्त थांबायचे असेल तर उणे ७० अंशांचा फ्रीजर लागतो. आकडा ओलांडला की नमुने घेणे थांबवण्याचा अधिकार प्रयोगशाळा प्रमुखाला लेखी द्यावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस येणार नाही हेही त्याच आदेशात लिहावे.

आपले,
राज्यातील निदान प्रयोगशाळांत काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ